आधी डिझेल, मग नोझल. पंप सगळ्यात शेवटी

आषाढी एकादशीच्या रथासाठी ओळखलं जाणारं पिंप्राळा आता जळगाव शहरातच जमा झालं आहे. पण पहाटे तिथल्या गल्ल्यांमधून जे आवाज येतात, त्यांचं नातं अजून शेतीशीच आहे. कुणाची पिकअप केळी भरायला सावदा-फैजपूरच्या बाजूला निघते, कुणाची भाजीपाला घेऊन बाजार समितीत जाते, कापसाच्या मोसमात कुणाची जिनिंगच्या रांगेत लागते. एमएच १९ पाटीच्या या गाड्यांमध्ये जुन्या बोलेरो पिकअप, टाटा २०७, टाटा ४०७ अजूनही टिकून आहेत. त्यांचे हप्ते कधीच फिटलेले असतात. त्यामुळे गाडी जितके दिवस चालेल, तितके दिवस घरात पैसा येतो.

मग एखाद्या सकाळी त्यातलीच एक गाडी लंगडायला लागते. उभ्या जागी केबिन हलते, आरशातलं दिसेनासं होतं, ॲक्सिलेटर दिला की गाडी दोन झटके खाते आणि मग कुठे उठते. चालक मिस्तरीला सांगतो, "भाऊ, गाडी मिसिंग करून राहिली."

या एका वाक्यानंतर जे होतं, त्यावर मालकाचे दोनशे रुपये जातात की वीस हजार, हे ठरतं. कारण घाईत पहिला संशय घेतला जातो तो डिझेल पंपावर. पंप उतरतो, पंप-नोझलच्या दुकानात जातो, तिथे दोन दिवस राहतो, नवे सुटे भाग घालून परत बसतो. आणि गाडी पुन्हा मिसिंग करते, कारण दोष टाकीपासून येणाऱ्या नळीच्या एका चिरेत असतो. जुन्या डिझेल गाडीचा दोष शोधण्यात हुशारीपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे: स्वस्त, सोपं आणि बाहेरचं आधी, महाग आणि आतलं नंतर. हा क्रम गाडीच्या मालकालाही माहीत असायला हवा. निदान काय तपासून झालं आणि काय राहिलं, हे त्याला विचारता आलं पाहिजे.

क्रम समजायला इंजिन कसं चालतं ते थोडं बघावं लागेल. पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकणारा स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतोच. तिथे पिस्टन हवा दाबून तिला मूळ जागेच्या सुमारे सतराव्या ते बाविसाव्या हिश्शात कोंबतो. इतकी दाबलेली हवा पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. नेमक्या त्या क्षणी नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडतं आणि ते आपोआप पेट घेतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला या कल्पनेचं पेटंट १८९३ साली मिळालं आणि १८९७ साली आउग्सबर्गमध्ये त्याचं इंजिन समाधानकारक चाललं. मात्र ते आटोपशीर होऊन रस्त्यावरच्या वाहनात सर्रास बसायला मोजून डिझेल मारणारा पंप लागत होता. बॉश कंपनीने तो १९२७ साली कारखान्यातून काढायला सुरुवात केली. त्याच बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये बंगळुरात 'मायको' उभी राहिली. पुढे नाशिकला तिचा नोझल आणि इंजेक्टर बनवणारा कारखाना आला. कंपनीचं नाव २००८ साली बदललं, तरी खानदेशातला मिस्तरी आजही 'मायकोचं नोझल' असंच म्हणतो. महिंद्राची जुनी डिझेल इंजिनंही जवळचीच. १९८०च्या दशकात प्यूजोच्या परवान्याने बनणारं एक्सडीपी इंजिन इगतपुरीचं होतं.

तर चार सिलिंडरचं इंजिन उभ्या जागी मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. चारांचे मिळून १६०० ठोके. त्यातला एक सिलिंडर बंद पडला, की दर चौथा ठोका हुकतो. केबिन हलते ती त्यामुळे. सिलिंडर पेटायला तीनच गोष्टी लागतात: स्वच्छ डिझेल योग्य वेळी बारीक फवाऱ्याने, पुरेशी हवा, आणि ती हवा दाबणारं घट्ट कॉम्प्रेशन. यातलं कोणतं कमी पडतंय, एवढंच शोधायचं असतं.

चांगला मिस्तरी बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारतो. मिसिंग थंड इंजिनावर आहे की तापल्यावर? उभ्या जागी की चढावर, भरलेल्या गाडीला? अचानक आलं की महिनाभर वाढत गेलं? त्याआधी डिझेल कुठे भरलं होतं, फिल्टर कधी बदलला होता? अचानक आलेला दोष बहुधा डिझेलचा, हवेचा किंवा एखाद्या तुटलेल्या वस्तूचा असतो. हळूहळू वाढलेला दोष झिजेचा. शिवाय गाडी हलते म्हणजे मिसिंगच आहे, असंही नाही. इंजिनाखालचे माउंटिंगचे रबर फाटले असतील, तर चारही सिलिंडर नीट पेटत असूनही केबिन थडथडते. सायलेन्सरच्या तोंडाशी उभं राहून कान दिला की फरक कळतो. ठोके एकसारखे येत असतील, तर इंजिनाला हात न लावता आधी रबर बघावेत.

आता डिझेल. टाकीचं झाकण इथे पहिलं. त्यातलं हवेचं छिद्र धुळीने बुजलं, तर डिझेल जसं कमी होतं तशी टाकीत पोकळी तयार होते. गाडी पाच-दहा किलोमीटर ठीक चालते, मग दम सोडते. झाकण फिरवल्यावर 'सुस्स' आवाज होऊन हवा आत ओढली गेली आणि गाडी पुन्हा सुधारली, तर दोष सापडला. खर्च शून्य.

त्यानंतर पाणी. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेतली वाफ पत्र्यावर थिजते आणि थेंब तळाशी जमतात. शेतावर पिंपात साठवलेलं डिझेल गाडीत ओतलं जातं, तेव्हाही पाणी येतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते फिल्टरच्या तळाशी बसतं. तळाचा स्क्रू सैल करून पहिलं पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्यायचं आणि दहा मिनिटं स्थिर ठेवायचं. खाली वेगळा थर दिसला की वेगळ्या तपासणीची गरज उरत नाही. भेसळीचा संशय असेल, तर ग्राहकाला पेट्रोल पंपावर घनता मोजून दाखवायची मागणी करता येते. मोजलेली आणि टँकरच्या चलनावरची घनता यांत घनमीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त फरक नसावा. रॉकेल मिसळलेलं डिझेल जळतं, पण त्याला वंगण कमी असतं. ज्या गाडीत रोटरी पंप आहे, तिथे हे फार महागात पडतं, कारण त्या पंपाच्या आतल्या सगळ्या भागांना डिझेल हेच वंगण. जुन्या इनलाइन पंपाच्या कॅमला निदान इंजिन ऑइल तरी मिळतं.

जुन्या गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त फसवणारा दोष असतो तो लाइनमध्ये शिरणाऱ्या हवेचा. टाकी आणि तिच्यातून डिझेल ओढणारा फीड पंप यांच्यामधल्या नळीत डिझेल ओढलं जातं, तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून नळीला चीर असली तरी तिथून डिझेल गळत नाही. उलट हवा आत शिरते. शेतातल्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह हवा धरतो आणि पाणी तुटतं, तसंच इथे डिझेल तुटतं. जमिनीवर डाग नसतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. खुणा मात्र ठरलेल्या असतात: रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी फार वेळ सेल्फ मारायला लावते, सुरू होऊन दोन मिनिटं लंगडते, मग सुधारते. हॅण्ड प्रायमर मारला की लगेच सुरू होते. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

यावरची तपासणी साधी आहे. फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडायची आणि इंजिन चालू ठेवून तिच्याकडे बघायचं. डिझेल सलग वाहायला हवं. त्यात बुडबुड्यांची माळ दिसली, तर हवा मागून येते आहे. मग टाकीची लाइन सोडवायची, स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा उंचावर ठेवायचा आणि त्यातून नळी थेट फीड पंपाला द्यायची. कॅनवर गाडी एकसारखी चालली, तर पंप, नोझल, कॉम्प्रेशन सगळं निर्दोष. दोष टाकीची जाळी, नळ्या किंवा जोडावरचे वॉशर यांत. कॅनवरही लंगडली, तर दोष पुढे आहे. अर्ध्या तासाच्या या एका तपासणीने अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते. कॅन लावून बघितल्याशिवाय पंप उतरवू द्यायचा नाही, एवढा हट्ट मालकाने जरूर धरावा.

या नळ्यांचं दुखणं अलीकडे वाढण्याला आणखी एक कारण आहे. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आलं. डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण आधी दहा लाख भागांत ५० आणि मग १० वर उतरलं. हवेसाठी हे फार चांगलं झालं. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचे वंगण देणारे आणि रबर फुगवून ठेवणारे घटकही कमी होतात. वंगणाची भरपाई तेल कंपन्या वेगळं द्रव्य मिसळून करतात. रबराचं तसं नाही. वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेले सील नव्या डिझेलमध्ये आकसू शकतात आणि जोड हवा धरू लागतो. म्हणून दहा-पंधरा वर्षांच्या गाडीचे सगळे रबरी पाइप आणि वॉशर एकदाच बदलून टाकणं केव्हाही शहाणपणाचं.

खानदेशच्या उन्हाळ्याचा एक खास दोष आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असतो. गाडी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. दुपारी धाब्यावर पंधरा मिनिटं थांबून पुन्हा चावी फिरवली, तर इंजिन फक्त फिरत राहतं, पेटत नाही. तासाभराने आपोआप सुरू होतं. हे झिजलेल्या पंपाचं लक्षण. पंपातला प्लंजर आणि त्याचं घर यांच्यामधली फट मिलिमीटरच्या हजारातल्या दोन-तीन भागांएवढी असते. ती झिजून वाढली तरी थंड, घट्ट डिझेल तिच्यातून फारसं निसटत नाही. पण डिझेल तापलं की पातळ होतं. उभ्या इंजिनाची धग पंपात साठते, डिझेल फटीतून मागे निसटतं आणि सेल्फच्या कमी वेगात नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. अशा वेळी चालक पंपावर ओलं फडकं गुंडाळतात आणि गाडी सुरू होते. निदान म्हणून हे फडकं उत्तम आहे. मात्र तापल्या पंपावर बादलीभर गार पाणी ओतू नये. बाहेरचं कवच एकदम आकसतं, आतला भाग गरमच राहतो आणि पंप जाम होऊ शकतो. इथे, आणि खरं तर इथेच, पंप उतरवून दुकानात न्यायला कारण आहे.

हवेचं प्रकरण त्यामानाने लवकर आटोपतं. काळ्या मातीचा फुफाटा आणि मोसमात हवेत उडणारे कापसाचे तंतू एअर फिल्टर लवकर भरून टाकतात. कागदी फिल्टर काढून गाडी दोन मिनिटं उभ्या जागीच रेस करून बघावी. धूर कमी झाला तर फिल्टर बदलावा. कॉम्प्रेसरच्या जोरदार झोताने तो पुन्हापुन्हा साफ करणं वाईट. कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि धूळ थेट रिंगांवर जाते. ऑइल-बाथ प्रकारचा फिल्टर असेल तर तेल खुणेपर्यंतच भरावं.

धुराचा रंगही पुष्कळ सांगतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त: फिल्टर तुंबला, नोझल फवाऱ्याऐवजी धार मारतं किंवा कुणी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं. असा धूर पीयूसीलाही अडवतो. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. थंड सकाळी थोडा वेळ आला तर चालतो, इंजिन तापल्यावरही राहिला तर एक सिलिंडर पेटत नाही. पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट बघावं. निळा धूर ऑइल जळल्याचा.

डिझेल स्वच्छ, लाइनमध्ये हवा नाही, फिल्टर नवा, तरी गाडी लंगडतेच. आता कोणता सिलिंडर आजारी आहे ते शोधायचं. जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनात यासाठी फक्त एक पाना लागतो. इंजिन उभ्या जागी चालू ठेवायचं. पहिल्या नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपचा नट अर्धा फेरा सैल करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल नटातून बाहेर येतं आणि तो पेटायचा थांबतो. इंजिनाचा आवाज पडला, केबिन आणखी हलली, तर तो सिलिंडर चांगला काम करत होता. नट आवळायचा, दुसऱ्याकडे जायचं. ज्या नटाने इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तोच सिलिंडर बंद. आधीच मेलेल्याचं डिझेल तोडून काय बदलणार? काही जुने मिस्तरी थंड इंजिन मिनिटभर चालवून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही तोंडांवर पाण्याचे थेंब शिंपडतात. तीन ठिकाणी थेंब चर्रकन उडतो, एका ठिकाणी ओघळत राहतो.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने पाळायची. सैल नटासमोर बोट धरायचं नाही, नटावर फडकं टाकायचं, जवळ विडी-काडी नको. उच्च दाबाचं डिझेल कातडीतून थेट आत शिरतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आतलं मांस सडू लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला रुग्णालय गाठावं. आणि कॉमन-रेल इंजिनाच्या गाडीत हे नट चालू इंजिनावर कधीच सैल करायचे नाहीत. जुन्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात नोझल साधारण २०० ते २५० बारला उघडतं; कॉमन-रेलमध्ये दाब हजार, सोळाशे बार आणि त्याही वर असतो. तिथे स्कॅनर लावूनच तपासणी होते.

बंद सिलिंडर सापडला, की लगेच नवं नोझल आणायचं नाही. त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करायचं. मिसिंग नोझलबरोबर शेजारी गेलं, तर दोष नोझलचा. जागीच राहिलं, तर बहुधा कॉम्प्रेशनचा. उतरवलेलं नोझल टेस्टिंग मशीनवर लावून हाताने दांडा दाबतात, तेव्हा बघण्यासारखं असतं. चांगल्या नोझलमधून 'कर्र-कर्र' आवाजासह धुक्यासारखा फवारा सुटतो आणि टोक कोरडं राहतं. खराब नोझल एका बाजूला धार सोडतं, नाहीतर टोकाला थेंब लोंबतो. ही तपासणी मालकाने समोर उभं राहून बघावी. परत बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवा हवा आणि एकच हवा. जुना वॉशर आत चिकटून राहिला आणि त्यावर दुसरा पडला, तर नोझल वर उचललं जातं, फवारा चुकीच्या जागी पडतो, आणि नवं नोझल टाकूनही मिसिंग जात नाही. वॉशर नीट बसला नसेल तर नोझलच्या बुडातून 'चुक-चुक' आवाज येतो आणि भोवती काळं ओघळतं.

उरलं कॉम्प्रेशन. त्यातही स्वस्त गोष्ट आधी: टॅपेट. व्हॉल्व्हची फट फिलर गेजने कंपनीच्या मापाला लावल्यावर कित्येक गाड्या सुधारतात, कारण फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. मग गेज लावून चारही सिलिंडरांचा दाब मोजायचा. आकड्यापेक्षा चारांमधला फरक महत्त्वाचा. तीन सारखे आणि एक बराच खाली असेल तर दोष तिथे. ऑइल भरायचं झाकण काढल्यावर आतून फुसफुस धूर येत असेल, म्हणजे मिस्तरींच्या भाषेत 'बॅक कॉम्प्रेशन' मारत असेल, तर रिंगा गेल्या. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील, तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता मोठी.

इथे हाफ इंजिनाचा विषय निघतो: हेड उतरवून व्हॉल्व्ह घासणं, नव्या रिंगा, बेअरिंग, गॅस्केट. सिलिंडरच्या भिंती मापाबाहेर झिजल्या असतील तर हाफवर भागत नाही, स्लीव्ह-पिस्टनसह फुल इंजिन करावं लागतं. म्हणून हेड उतरल्यावर बोअर मोजून आकडा कागदावर मागून घ्यावा, मगच हाफ की फुल ते ठरवावं. काम शक्यतो कापूस वेचणीच्या आधी करून घ्यावं, कारण मोसमात गाडी आठ दिवस उभी ठेवणं कुणालाच परवडत नाही. काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर पूर्ण वजन भरू नये, चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटासारख्या लांब चढावर गाडी ताणू नये, आणि त्या हजार किलोमीटरच्या शेवटी ऑइल व ऑइल फिल्टर बदलून टॅपेट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.